त्रेचाळीस नावांचं पान

त्रिपोली
उत्तर लेबनॉन, १० जानेवारी १९९४

प्रिय मित्रीमामा,

हे पत्र अबू शादीच्या टॅक्सीतून पाठवतेय, कारण कफर लौजचे फोन अजून मुकेच आहेत आणि टपालाचं काही खरं नाही. लिफाफा हातात घेताना तो म्हणाला, "हकीमसाहेबांना सांग, गुडघ्यासाठी दिलेल्या गोळ्या मी बकरीला घातल्या, आता तीही लंगडते." निरोप पोचवला.

आता कामाचं. नोव्हेंबरपासून मी बालआरोग्याच्या कचेरीत लागले, हे आईनं कळवलं असेलच. तिला वाटतं, मी दिवसभर कागद इकडचे तिकडे करते. खरं काम असं आहे: लढाईच्या पंधरा वर्षांत डोंगरातल्या कोणत्या मुलाला कोणती लस मिळाली, याचा कुणाकडेच धड पत्ता नाही. जे काही आहे ते गावोगावच्या डॉक्टरांच्या वह्यांत, नाहीतर त्यांच्या डोक्यात. आम्ही अक्कार जिल्ह्यातल्या अठरा डॉक्टरांना हाताशी धरून त्यांच्या नोंदी लावून द्यायच्या, राहिलेली मुलं हुडकायची आणि त्यांना बोलावून घेण्याची रीत बसवायची. यादीत नववं नाव तुमचं. बाकीचे सतराजण मला मॅडम म्हणतात आणि कॉफी पाजतात. धास्ती आहे ती तुमचीच.

सोबत तक्ता आहे. सगळा नाही भरलात तरी एवढं कळवा: १९८९ ते ९२ या चार वर्षांत गावात किती मुलं जन्मली आणि त्यांतल्या किती जणांना गोवराची लस मिळाली? मार्चअखेर आकडा हवा आहे.

मामींना गोड पापा.

तुमची,
जुमाना


कफर लौज
१९ जानेवारी

जुमाना,

तुझ्या तक्त्यात अठ्ठावीस रकाने आहेत. लग्नाला तीस वर्षं होऊनही तुझ्या मामीनं मला एका दमात इतके प्रश्न विचारलेले नाहीत, आणि तिला शंका काही कमी नसतात.

मी हकीम आहे, कारकून नाही. या गावातलं प्रत्येक पोर एकतर माझ्या हातावर जन्मलंय, नाहीतर माझी सुई खाऊन रडलंय. कुणाला काय दिलं ते मला तोंडपाठ आहे. कचेरीला आकडा हवाय ना? मग लिही: सगळ्यांना.

बद्रिया म्हणते, कपाटातल्या वहीचे कोपरे उंदरांनी कुरतडलेत. बद्रिया म्हणजे माझी परिचारिका, बावीस वर्षांपासूनची. तिच्यापुढे माझंही चालत नाही. मी तिला म्हटलं, उंदरांना वाचता येत नाही, तेव्हा काळजी नको.

बर्फ गुडघाभर आहे. अबू शादीला सांग, गोळ्या बकरीला नव्हे, त्याला दिल्या होत्या.

मामा


त्रिपोली
२७ जानेवारी

प्रिय मामा,

"सगळ्यांना" हा आकडा नसतो.

रागावू नका. यादीतल्या तिसऱ्या डॉक्टरांनी मला हेच सांगितलं होतं, तेही टेबलावर मूठ आपटून. मग आम्ही दोघांनी बसून मोजलं. तीनांतलं एक मूल राहिलेलं निघालं.  वाईट डॉक्टर नाहीत हो ते, उलट चांगले आहेत. तुमची स्मरणशक्तीही चांगली आहे, पण जी मुलं दवाखान्याची पायरी चढलीच नाहीत, ती तुमच्या स्मरणात असणार कशी?

तेव्हा एवढं करा. गावात कोण जन्मलं ते गावप्रमुख या नात्यानं मुख्तार लिहून ठेवतो. त्याच्या वहीतून चार वर्षांची नावं उतरवून घ्या. मग एकेका नावापुढे तुमच्या वहीतली लशीची तारीख मांडा. तारीख सापडली नाही तर जागा कोरी ठेवायची. आठवणीतून भरायचं नाही. बद्रियाबाईंना शेजारी बसवा, त्या तुम्हाला भरू देणार नाहीत.

हे मी हट्टानं सांगतेय याला कारण आहे. खालच्या खोऱ्यात गोवर निघालाय. आमच्या इथल्या इस्पितळात काल दोन भावंडं आणली. धाकट्याला श्वास घेता येईना. वाचेल म्हणतात. तुमच्या गावापासून ते खोरं पायी चार तासांवर आहे.

जुमाना


कफर लौज
२० फेब्रुवारी

जुमाना,

उत्तराला उशीर झाला, कारण मी मोजत होतो.

मुख्तारनं वही द्यायला आठ दिवस लावले. म्हणाला, "हकीम, करबिर वाढवणार असाल तर आधीच सांगा." मग आम्ही तिघं, मी, बद्रिया आणि तिचा रमजानचा उपास, रोज दुपारी बसलो. उपाशी बद्रिया फार कडक होते. एका नावापाशी मी म्हटलं, याला दिलीय, मला चांगलं आठवतं. ती म्हणाली, "तारीख?" वहीत तारीख नव्हती. तिनं जागा कोरी ठेवली.

मुलं एकशे चौसष्ट. गोवराची नोंद असलेली सत्त्याण्णव.

मी दोनदा मोजलं. सत्त्याण्णवच. त्यात पुन्हा असं, की खालच्या गावात चौऱ्याण्णवपैकी एक्क्याऐंशी, म्हणजे ठीक. वरच्या वस्तीत सत्तरपैकी सोळा. सोळा! ती माणसं हट्टीच आहेत. बकरीला टोचायला ढोरांचा डॉक्टर आला तर रांग लावतात, पोराला टोचायचं म्हटलं की दार लावतात. त्यांना समजावण्यात माझी ताकद घालवण्यात अर्थ नाही.

पण खालच्या गावचं काम सुरू केलंय. प्रत्येक मुलाचं एक कार्ड केलं. बद्रियानं सफरचंदाच्या खोक्यात पुठ्ठ्याचे बारा कप्पे पाडलेत, महिन्याला एक. ज्या मुलाची सुई ज्या महिन्यात, त्याचं कार्ड त्या कप्प्यात. महिना संपला आणि कार्ड तिथंच पडलेलं दिसलं, तर बद्रिया त्या घरी जाते. गेल्या आठवड्यात जानेवारीच्या कप्प्यातली अशी चार घरं झाली, तीन मुलं आली. चौथ्या घरच्या आजीनं बद्रियालाच आपलं पोट दाखवून औषध मागितलं.

वही अबू शादीबरोबर पाठवतोय. झेरॉक्स काढून परत कर.

मामा


त्रिपोली
१ मार्च

मामा,

सफरचंदाचं खोकं मी इथं सगळ्यांना सांगितलं. दोन डॉक्टर तसंच करणार आहेत.

हे पत्र मात्र मी तीनदा फाडून चौथ्यांदा लिहितेय, तेव्हा सरळच विचारते.

तुमच्या वहीत दर मंगळवारी पाच-सहा मुलं असतात. १४ ऑगस्ट १९९० च्या पानावर त्रेचाळीस आहेत. बाकी सगळ्या पानांवर लशीच्या खेपेचा क्रमांक आहे, त्या पानावर तो रकाना रिकामा आहे. मी इथल्या भांडाराची जुनी वही काढून पाहिली. त्या वर्षी जूननंतर नोव्हेंबरपर्यंत डोंगरात एकही खेप गेलेली नाही. रस्तेच बंद होते.

आणखी एक. परवा इस्पितळात तुमच्या वरच्या वस्तीतली एक बाई भेटली. मी विचारलं, तुम्ही लोक मुलांना टोचून का घेत नाही? ती म्हणाली, "आमच्या फदवाच्या नुहाला हकीमनं टोचलं होतं. तरी तिला गोवर आला आणि पोर ठार बहिरी झाली. मग टोचून काय मिळालं आम्हाला?"

नुहाचं नाव त्या पानावर आहे. सतरावं.

मामा, ती त्रेचाळीस मुलं त्या दिवशी खरंच दवाखान्यात आली होती का? की पुढे शाळेच्या दाखल्याला लागेल म्हणून, आयांच्या आग्रहाखातर, तुम्ही नुसत्या खुणा केल्यात?

जुमाना


कफर लौज
२१ मार्च

जुमाना पोरी,

मी बद्रिया लिहितेय. माझ्या अक्षराला हसू नकोस.

तुझं पत्र आल्यापासून हकीमसाहेब तुला लिहायला बसतात आणि उठतात. मामींना वाटलं, ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत दूध-लोणी सोडल्यामुळे अशक्तपणा आलाय. मला माहीत आहे काय आलंय ते. त्यांनी मला एकच विचारलं, "बद्रिया, तो दिवस आठवतो?" मी म्हटलं, आठवतो. 

मी तुला ते सांगणार नाही. सांगायचं त्यांनी. पण तू जे लिहिलंस ते तसं नाही, एवढं मी मुलांच्या डोक्यावर हात ठेवून सांगते. त्या दिवशी सगळी मुलं आली होती. मीच त्यांचे दंड धरले होते.

तुला लिहायचं कारण वेगळंच आहे. काल वरच्या वस्तीतून एक बाप पोराला पाठीवर घेऊन आला. अंगभर पुरळ, डोळे लाल. तो म्हणाला, आणखी दोघं घरात तशीच आहेत. गोवर आपल्याकडे पोचला. आता आमच्याकडे वीस मुलांपुरतीच लस आहे.

बद्रिया


कफर लौज
२४ मार्च

जुमाना,

तू मला विचारलंस ते बरं झालं. वही तुझ्याकडे पाठवली तेव्हा ते पान तिच्यात आहे हे मला ठाऊक होतं. मी ते काढून घेऊ शकलो असतो. का काढलं नाही, ते मला सांगता येणार नाही.

खुणा खोट्या नाहीत. सुया खऱ्या होत्या. लस खोटी होती.

त्या ऑगस्टमध्ये वीज गेली ती नऊ दिवस आली नाही. फ्रिज रॉकेलवर चालवायचो, तर रॉकेल संपलं. मी बाटल्या मातीच्या रांजणात ठेवल्या, ओली पोती गुंडाळली. तिसऱ्या दिवशी थर्मामीटर बघायचं सोडून दिलं. जूनमध्ये आलेल्या त्या बाटल्या नवव्या दिवशी मेल्यातच जमा आहेत, हे मला पक्कं माहीत होतं. एखादी जिवंत असेलही, पण कोणती ते कोण सांगणार?

मंगळवारी सकाळी दार उघडलं तर अंगणात बाया बसलेल्या. वरच्या वस्तीतल्या बारा जणी पहाटेच निघाल्या होत्या, दोन तास डोंगर उतरून. वाटेत तोफांचे आवाज येत होते, म्हणून त्यांनी मुलांच्या कानात कापूस घातला होता. शहरात गोवर आहे असं कुणीतरी सांगितलं होतं. मी त्यांना म्हणू शकलो असतो, लस खराब झालीय, परत जा, पुन्हा कधी येईल मला माहीत नाही. तेवढं वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही. मला वाटलं, यांना रिकाम्या हातांनी परत पाठवण्यापेक्षा निदान धीर तरी देऊ. बद्रियानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "पुढचं मूल." वहीत खेपेचा क्रमांक लिहायला हात धजावला नाही, बस, तेवढीच माझी लाज.

नोव्हेंबरमध्ये चांगली लस आली. तेव्हा तरी बोलवायचं ना सगळ्यांना? पण मग सांगावं लागलं असतं. आज सांगतो, उद्या सांगतो, असं करत वसंत आला आणि गोवर आला. त्या त्रेचाळीसांपैकी पाच जणांना झाला. चौघं बरी झाली. नुहा सतरा महिन्यांची होती. ताप कानात उतरला. महिन्याभरानं फदवा तिला घेऊन आली. तिच्यामागे पातेलं वाजवून दाखवलं. पोरीनं मान वळवली नाही. फदवानं मला विचारलं, "हकीम, तुम्ही हिला टोचलं होतंत ना?" मी म्हटलं, "टोचलं होतं. कधीकधी तरीही येतो."

हे वाक्य डॉक्टर म्हणून खरं आहे. माझ्या तोंडी ते खोटं होतं.

म्हणजे वरच्या वस्तीला हट्टी मी केलं.

आकडा सत्त्याण्णव नाही. त्यातून त्रेचाळीस वजा कर. चोपन्न.

आता पुढचं. तू लस पाठव. मी असं सुचवतो, की "दुसरा डोस आलाय" असं म्हणून सगळ्यांना पुन्हा टोचू. ते खोटंही ठरणार नाही, आणि कुणाला काही सांगावंही लागणार नाही. मुलं वाचली म्हणजे झालं. माझं वय एकसष्ट आहे, जुमाना.

मामा


त्रिपोली
२७ मार्च

मामा,

तुमचं पत्र वाचून मी रडले, मग तुमच्यावर भयंकर चिडले. अजून चिडलेलीच आहे. पण गोवर माझा राग शांत व्हायची वाट बघणार नाही, तेव्हा कामाचं लिहिते.

आधी मी तुमच्यापासून काय लपवलं ते. मार्चअखेर आकडा हवा होता, कारण ज्या दवाखान्यात निम्म्याहून कमी मुलांना लस मिळालीय तिथला पुरवठा बंद करून तो खालच्या शहरातल्या केंद्राला जोडायचा, असं वरून ठरलंय. हे डॉक्टरांना सांगायचं नाही अशी ताकीद होती, नाहीतर सगळे आकडे फुगवतील म्हणे. मी ती पाळली. सत्त्याण्णव लिहिलं असतं तर तुम्ही सुटत होतात. मी चोपन्न लिहिलंय.

मग आमच्या प्रमुखांसमोर जाऊन बसले. ते म्हणाले, "तुझा मामा आहे म्हणून मुदत मागतेस?" मी म्हटलं, "नाही. सतरा डॉक्टरांनी मला बरे आकडे दिलेत, एकानं वाईट, पण खरा दिलाय. त्याचा दवाखाना बंद केलात तर पुढच्या वर्षी तुम्हाला अठरा बरे आकडे मिळतील." त्यांनी यादी पुढे ओढून तारीख बदलली. दोन महिने दिलेत. मेअखेर पुन्हा मोजायचं.

दीडशे मुलांपुरती लस अबू शादीबरोबर येतेय. पेटीत थर्मामीटर आहे. ती त्यानं बकरीशेजारी ठेवायची नाही, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.

आणि तुमची सूचना मला मान्य नाही. खालचं गाव दुसरा डोस म्हणून येईल, खरंय. वरची वस्ती कशाला येईल? त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय की टोचून घेतलेली पोर बहिरी झाली. ती लस मेलेली होती हे जोवर त्यांना कळत नाही, तोवर तुमच्या जिवंत लशीवर त्यांनी का विश्वास ठेवावा? मुलं वाचवायची तर सांगावंच लागेल. आधी फदवाला, मग बाकीच्यांना.

मी यायला तयार आहे. पण बोलायचं तुम्ही.

जुमाना


कफर लौज
१२ एप्रिल

जुमाना,

तू येऊ नकोस असं मी अबू शादीजवळ सांगितलं त्याचा राग मानू नकोस. तू शेजारी असतीस तर मी तुझ्या आडोशाला उभा राहिलो असतो.

गेल्या मंगळवारी मी आणि बद्रिया पेटी घेऊन वर गेलो. वाटेत ती म्हणाली, "मीही दंड धरले होते. मीही बोलणार." मी म्हटलं, हुकूम माझा होता. ती म्हणाली, "बावीस वर्षांत तुमचे किती हुकूम ऐकलेत मी? तो एकच ऐकायला नको होता."

फदवा अंगणात लसूण निवडत होती. तिचा नवरा दगडाच्या खाणीत असतो, शनिवारी येतो. नुहा तिच्या बाजूला, साडेचार वर्षांची, आणि पाळण्यात वर्षभराचा मुलगा. फदवा उठली नाही. "कॉफी ठेवते" असंही म्हणाली नाही. आमच्याकडे न म्हणणं म्हणजे काय ते तुला माहीत आहे.

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. रांजण, नऊ दिवस, मेलेल्या बाटल्या. नोव्हेंबरमध्ये बोलावलं नाही ते. आणि ती पातेलं वाजवायला आली होती तेव्हा मी काय म्हणालो होतो ते. नुहा माझ्या ओठांकडे टक लावून बघत होती, जणू तिला सगळं कळतंय.

फदवा लसूण निवडतच राहिली. मग म्हणाली, "त्या सकाळी मी तिला झऱ्याच्या पाण्यानं आंघोळ घातली होती. सुई टोचायची म्हणून. माझी सासू तीन वर्षं म्हणतेय, थंड पाण्यानं सुई वाया गेली. मीही तेच समजत होते."

मी म्हटलं, "पाण्यानं काही होत नाही. तुझी काहीच चूक नव्हती."

"हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"होतं."

तिनं टोपली खाली ठेवली. "आता जा," म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

आम्ही वस्तीच्या मधोमध तुतीच्या झाडाखाली पेटी ठेवून बसलो. बद्रियानं घरोघर सांगून पाहिलं. कुणी आलं नाही. पडद्याआडून बघत होते सगळे. पेटीतला बर्फ संध्याकाळपर्यंत टिकणार होता. दुपारी बद्रिया म्हणाली, "निघायचं?" मी म्हटलं, बर्फ आहे तोवर बसायचं. उद्या पुन्हा यायचं. परवा पुन्हा. एक बाटली उघडेपर्यंत यायचं.

तीनच्या सुमारास फदवा आली. कडेवर धाकटा, बोटाला नुहा. मागे तिची सासू, आणि सासूच्या मागे आणखी आठ-दहा बाया. ती माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "मला घरात सांगितलंत ते इथं सांगा. मोठ्यानं."

मी सांगितलं.

"सासूबाईंना ऐकू आलं नाही. पुन्हा."

मी पुन्हा सांगितलं. पाण्याचं तर तिनं माझ्याकडून तिसऱ्यांदा वदवून घेतलं. एक म्हातारा काठी उगारून पुढे आला, "आमच्या पोरांच्या अंगात काय घातलंस रे?" त्याला बद्रियानं अडवलं नाही, फदवानं अडवलं. म्हणाली, "थांबा काका. आधी मला याचं काम संपवू द्या."

मग तिनं मला पेटी उघडायला लावली. "गार आहे कशावरून?" मी थर्मामीटर दिलं, वाचायचं कसं ते दाखवलं. तिनं वाचलं, शेजारणीला वाचायला दिलं. ते दहा हातांतून फिरलं. तेवढ्यात पारा चढलेला दिसताच एकीनं किंचाळून पेटी बंद केली. शेवटी फदवानं मुलाची बाही वर केली आणि म्हणाली, "टोचा. आणि तुमच्या वहीत लिहाल ते मला वाचून दाखवा."

  बद्रियानं मुलाचा दंड धरला आणि टोचून झाल्यावरच सोडला.

त्या दिवशी एकोणीस मुलं झाली. दुसऱ्या दिवशी अकरा. काठीवाल्या म्हाताऱ्याच्या घरची तिन्ही नातवंडं अजून राहिलीत. तो मला बघून थुंकतो. मी जातच राहणार.

खालच्या गावात रविवारी चर्चबाहेर आणि शुक्रवारी मशिदीच्या दारात मी स्वतः सांगितलं. मुख्तारनं माझ्याशी बोलणं टाकलंय. त्याचा नातू अडतिसावा होता. पण बोलणं टाकून त्यानं नातवाला मात्र पाठवला.

गोवराची एकूण नऊ मुलं झाली. नऊही घरीच आहेत, अजून कुणाला इस्पितळात न्यावं लागलेलं नाही.

मामा


त्रिपोली
३१ मे

प्रिय मामा,

तुमचा दुसरा तक्ता मिळाला. एकशे चौसष्टपैकी एकशे अडतीस. प्रमुखांनी कागद दोनदा उलटून पाहिला आणि सही केली. दवाखान्याचा पुरवठा चालू राहील. नवा फ्रिजही मिळणार आहे, गॅसवर चालणारा.

तुमच्यावरचा माझा राग गेलेला नाही. पण वर बसून राहिलात ते मी रोज कुणाला तरी सांगते.

नुहासाठी तुम्ही अबू शादीच्या तोंडी विचारलं होतंत. इथं मूकबधिर मुलांची एक चांगली शाळा आहे. मी जाऊन आले. ऑक्टोबरपासून तिला घ्यायला तयार आहेत. आठवडाभर तिथं राहायचं, शनिवारी घरी. फदवानं एकदा येऊन बघावं, मी तिच्याबरोबर जाईन. प्रवेशासाठी नुहाचं लशीचं आणि आजारपणाचं कार्ड लागेल. कोणती तारीख कशी लिहायची ते तुम्ही ठरवा.

जुमाना


कफर लौज
७ जून

जुमाना,

कार्ड सोबत आहे. ते मी एकट्यानं लिहिलं नाही. फदवाला बोलावलं, समोर बसवलं. ती या दवाखान्यात तीन वर्षांनी आली. खुर्चीच्या कडेवरच बसली, पण बसली.

एकेक ओळ लिहून मी तिला वाचायला देत होतो. ऑगस्ट ९० च्या ओळीत मी लिहिलं, "गोवराची लस दिली, निकामी." तिनं कार्ड माझ्याकडे सरकवलं. "निकामी म्हणजे कुणाला काय कळणार? कशानं निकामी?"

मी खोडून लिहिलं, "गोवराची लस दिली. वीज नव्हती. लस गरम होऊन खराब झाली होती. डॉक्टरला माहीत होतं."

शेवटचं वाक्य तिनं सांगितलं नव्हतं. तिनं ते दोनदा वाचलं. मग पुढची ओळ स्वतः सांगितली: "मार्च ९१, गोवर. ऐकू येणं गेलं." मी लिहिलं. खाली सही केली.

तिनं शाई वाळेपर्यंत कार्ड हातात धरून ठेवलं आणि विचारलं, "शाळेत नुहाला बोलायला शिकवतील?"

"हातांनी बोलायला शिकवतील. थोडं ओठांवरून ओळखायलाही."

"आणि आम्हाला? आम्ही तिच्याशी कसं बोलायचं?"

हे मी तुला विचारलंच नव्हतं, जुमाना. आयांसाठी तिथं काही वर्ग असतो का? असला तर दोन जागा माग. एक फदवाची. दुसरी बद्रियानं हट्टानं आपल्यासाठी मागितलीय. म्हणते, नुहा पुढच्या सुईला येईल तेव्हा तिला आधी नीट सांगता आलं पाहिजे, दुखेल म्हणून.

मामा